वाहिनीनिहाय निवड (दूरचित्रवाणी)

वाहिनीनिहाय निवड म्हणजे केबल किंवा डीटीएच सेवेच्या ग्राहकाने आधीच बांधून ठेवलेला वाहिन्यांचा संच न घेता, स्वतःला हव्या तेवढ्याच वाहिन्या निवडणे आणि तेवढ्यांचेच मासिक शुल्क भरणे. उपाहारगृहात पूर्ण थाळीऐवजी पदार्थ सुटे मागवण्याची जी रीत आहे, तिच्या फ्रेंच नावावरून या पद्धतीस ‘आ ला कार्ट’ असेही म्हणतात. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या (ट्राय) नियमांनुसार १ फेब्रुवारी २०१९ पासून भारतातील प्रत्येक केबल व डीटीएच ग्राहकास अशी निवड करण्याचा हक्क मिळाला. तथापि, हा हक्क व्यवहारात कितपत उपयोगी पडतो, हे सुट्या वाहिनीची किंमत आणि संचाची किंमत यांच्या प्रमाणावर अवलंबून असते. संच फार स्वस्त ठेवला, तर सुटी निवड कागदावर उपलब्ध असूनही ग्राहक तिच्याकडे वळत नाही. भारतातील या विषयाचा गेल्या काही वर्षांचा इतिहास मुख्यतः याच प्रमाणावरून झालेल्या वादाचा इतिहास आहे.

संज्ञा

या व्यवसायात तीन घटक येतात. वाहिनी चालवणारी कंपनी म्हणजे प्रसारक. प्रसारकांकडून वाहिन्यांचे संकेत घेऊन ते ग्राहकांपर्यंत पोचवणारा म्हणजे वितरक. डीटीएच कंपन्या आणि मोठ्या केबल कंपन्या (मल्टी सिस्टिम ऑपरेटर किंवा एमएसओ) या वर्गात मोडतात. गल्लीतून तार ओढून घरापर्यंत जोडणी देणारा आणि दरमहा पैसे गोळा करणारा तो स्थानिक केबलचालक, म्हणजेच बोलीभाषेतील ‘केबलवाला’.

वाहिन्यांचे दोन प्रकार आहेत. जिच्यासाठी प्रसारक काहीही आकारत नाही, ती निःशुल्क किंवा ‘फ्री टू एअर’ वाहिनी. जिच्यासाठी आकारतो, ती सशुल्क किंवा ‘पे’ वाहिनी. अनेक वाहिन्यांची मोट बांधून एका किमतीस विकल्या जाणाऱ्या गटाला नियमांच्या भाषेत ‘बुके’ आणि बाजारात ‘पॅक’ म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘संच’ हा शब्द वापरला आहे.

पार्श्वभूमी

भारतात केबलचा उगम १९८०च्या दशकात झाला. मोठ्या शहरांतील इमारतींमध्ये एखादा उद्योजक व्हिडिओ प्लेअरवर चित्रपट लावी आणि तारेने ते घरोघर दाखवी. १९९१ मध्ये आखाती युद्धाचे उपग्रहावरून झालेले प्रक्षेपण, त्याच वर्षी आलेल्या स्टार टीव्हीच्या वाहिन्या आणि १९९२ मध्ये सुरू झालेली झी टीव्ही यांमुळे हा धंदा झपाट्याने फोफावला. त्यास कायद्याची चौकट १९९५च्या केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स (नियमन) कायद्याने मिळाली.

त्या काळात वाहिनीनिहाय निवड तांत्रिकदृष्ट्याच शक्य नव्हती. तारेतून सर्व वाहिन्यांचे ॲनालॉग संकेत एकाच वेळी प्रत्येक घरात पोचत. शेजारच्या घराला क्रीडावाहिनी द्यायची आणि या घराला नाही, असे करण्याचे सोयीचे साधन केबलचालकाकडे नव्हते. त्यामुळे सर्वांना सर्व वाहिन्या आणि सर्वांना एकच मासिक रक्कम, अशी रीत पडली.

या रीतीचे दोन परिणाम झाले. पहिला म्हणजे कोणत्या घरात काय पाहिले जाते, याचा हिशेब कुणाकडेच नव्हता. दुसरा म्हणजे आपले नेमके किती ग्राहक आहेत, हे केबलचालक सांगेल ते प्रसारकाला मानावे लागे. केबलचालक ग्राहकसंख्या कमी दाखवतात, अशी प्रसारकांची तक्रार असे. तर प्रसारक मनाला येईल तेव्हा दर वाढवतात आणि चालणाऱ्या वाहिनीबरोबर न चालणाऱ्या वाहिन्या गळ्यात मारतात, अशी केबलचालकांची तक्रार असे. या दोघांमधील भांडणात वाहिन्या बंद पडत आणि त्याची झळ ग्राहकाला बसे.

सशर्त प्रवेश प्रणाली (कॅस)

या कोंडीवरील पहिला उपाय म्हणजे ‘कंडिशनल ॲक्सेस सिस्टिम’ अर्थात कॅस. सशुल्क वाहिन्यांचे संकेत कूटबद्ध करायचे आणि ज्या ग्राहकाने पैसे भरले असतील त्याच्याच सेट टॉप बॉक्समध्ये ते उलगडायचे, हे तिचे तत्त्व होते. त्यासाठी २००२ मध्ये केबल कायद्यात दुरुस्ती करण्यात आली. १ सप्टेंबर २००३ रोजी चेन्नईत ही प्रणाली लागू झाली. दिल्ली, मुंबई व कोलकाता येथे मात्र ती रेंगाळली. जानेवारी २००४ मध्ये केंद्र सरकारने प्रसारण व केबल सेवा ट्रायच्या अधिकारकक्षेत आणल्या. पुढे दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २००६ अखेरीस उर्वरित तीन महानगरांच्या ठरावीक भागांत कॅस सुरू झाली. मुंबईत ती दक्षिण मुंबईपुरती होती.

ट्रायने त्या भागांसाठी किमान ३० निःशुल्क वाहिन्यांच्या मूळ संचास दरमहा कमाल ७७ रुपये आणि प्रत्येक सशुल्क वाहिनीस कमाल ५ रुपये असे दर ठरवले. देशात वाहिनीनिहाय निवड कायद्याने प्रत्यक्षात आली ती अशी. मात्र वाहिनी कोणतीही असो, कमाल दर एकच, हे प्रसारकांना मान्य नव्हते आणि प्रणालीचा विस्तारही त्या मर्यादित भागांपलीकडे झाला नाही.

अंकीकरण

निवडीसाठी प्रत्येक ग्राहकाची स्वतंत्र ओळख पटवणारी यंत्रणा सर्वत्र हवी होती. २००३ पासून खासगी डीटीएच सेवा सुरू झाल्याने अशी यंत्रणा काही घरांत आली. केबलसाठी २०११च्या दुरुस्ती कायद्याने टप्प्याटप्प्याने अंकीकरण (डिजिटायझेशन) सक्तीचे केले. मुंबईसह चार महानगरांसाठी ३१ ऑक्टोबर २०१२ आणि पुण्या-नागपूरसह ३८ शहरांसाठी ३१ मार्च २०१३ ही मुदत होती. उर्वरित शहरी व ग्रामीण भागांची मुदत अनेकदा वाढवत २०१७ पर्यंत नेण्यात आली.

आता प्रत्येक घरात सेट टॉप बॉक्स होता आणि हवी ती वाहिनी चालू-बंद करता येत होती. तरीही विक्री संचांचीच होत राहिली. सुट्या वाहिन्यांचे दर इतके चढे आणि संचांचे इतके उतरते ठेवलेले असत की सुटी वाहिनी घेणे कुणालाच परवडत नसे. अडचण तंत्राची उरली नव्हती. ती किमतीची झाली होती.

२०१७ची नियमावली आणि न्यायालयीन वाद

३ मार्च २०१७ रोजी ट्रायने दर, आंतरजोडणी आणि सेवेचा दर्जा या तीन विषयांवरील आदेश व विनियम प्रसिद्ध केले. त्यांना एकत्रितपणे ‘नवा दर आदेश’ म्हणतात. त्यातील मुख्य तरतुदी अशा :

• प्रत्येक प्रसारकाने आपल्या प्रत्येक सशुल्क वाहिनीची कमाल किरकोळ किंमत जाहीर करावी आणि ती वाहिनी सुटी उपलब्ध ठेवावी.
• वितरकानेही आपल्या यंत्रणेवरील प्रत्येक वाहिनी ग्राहकास सुटी द्यावी.
• ज्या वाहिनीची सुटी किंमत दरमहा १९ रुपयांहून अधिक असेल, ती कोणत्याही संचात घालू नये.
• सशुल्क व निःशुल्क वाहिन्या एकाच संचात मिसळू नयेत. तसेच एकाच वाहिनीची साधी (एसडी) आणि उच्च दर्जाची (एचडी) अशी दोन्ही रूपे एका संचात देऊ नयेत.
• सुट्या किमतींच्या बेरजेच्या तुलनेत संचावर १५ टक्क्यांहून अधिक सवलत देऊ नये.

स्टार इंडिया आणि विजय टेलिव्हिजन यांनी या आदेशास मद्रास उच्च न्यायालयात आव्हान दिले. वाहिनीवरील कार्यक्रम ही स्वामित्वहक्काची बाब आहे; तिची किंमत ठरवणे कॉपीराइट कायद्याच्या कक्षेत येते, ट्रायच्या नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद होता. २ मार्च २०१८ रोजी द्विसदस्यीय खंडपीठात मतभेद झाला. २३ मे २०१८ रोजी तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मताने आदेश वैध ठरला, परंतु १५ टक्के सवलतीची मर्यादा रद्द झाली. ३० ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रसारकांचे अपील फेटाळले आणि ट्रायचा अधिकार मान्य केला.

आदेशाची अंमलबजावणी २९ डिसेंबर २०१८ पासून व्हायची होती. ग्राहकांना निवडीसाठी वेळ मिळावा म्हणून ती १ फेब्रुवारी २०१९ वर ढकलण्यात आली. ज्यांनी तोवरही निवड केली नव्हती, त्यांना पूर्वीच्या पाहण्यानुसार वितरकाने बेतलेली ‘बेस्ट फिट’ योजना ३१ मार्च २०१९ पर्यंत देण्याची मुभा होती.

मासिक शुल्काची रचना

नव्या व्यवस्थेत ग्राहकाच्या देयकाचे दोन भाग पडले. पहिला भाग नेटवर्क क्षमता शुल्काचा (एनसीएफ), म्हणजे जोडणीच्या भाड्याचा. तो १०० एसडी वाहिन्यांपर्यंत कमाल १३० रुपये होता. १८ टक्के वस्तू व सेवा कर धरून १५३ रुपये ४० पैसे. पुढच्या प्रत्येक २५ वाहिन्यांसाठी करापूर्वी कमाल २० रुपये जादा. मोजणीत एक एचडी वाहिनी दोन एसडी वाहिन्यांबरोबर धरली जाई. दूरदर्शनच्या अनिवार्य वाहिन्याही या शंभरांतच मोजल्या जात.

दुसरा भाग निवडलेल्या सशुल्क वाहिन्यांच्या किमतींचा. निःशुल्क वाहिन्यांना वेगळी किंमत नाही. उदाहरणार्थ, एखाद्या कुटुंबाने १९ रुपयांच्या दोन व १० रुपयांची एक अशा तीन सशुल्क वाहिन्या निवडल्या आणि बाकी सर्व निःशुल्क वाहिन्या ठेवल्या, तर देयक असे होई : १३० अधिक ४८ म्हणजे १७८ रुपये; त्यावर १८ टक्के कर ३२ रुपये ४ पैसे; एकूण २१० रुपये ४ पैसे.

ग्राहकास दर कळावेत म्हणून वाहिन्यांच्या किमती पडद्यावरील कार्यक्रमसूचीत दाखवणे बंधनकारक झाले आणि माहितीसाठी ९९९ हा वाहिनी क्रमांक राखून ठेवण्यात आला. निवडीच्या सोयीसाठी ट्रायने ‘चॅनेल सिलेक्टर’ हे ॲपही काढले.

संच बांधण्यामागील अर्थशास्त्र

संच म्हणजे केवळ ग्राहकाची लूट, असा एक समज आढळतो. अर्थशास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा अभ्यास वेगळ्या दृष्टीने केला आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी १९६३ मध्ये चित्रपट एकगठ्ठा विकण्याच्या पद्धतीवर लिहिताना त्यामागील हिशेब स्पष्ट केला. तो पुढील काल्पनिक उदाहरणावरून समजतो.

अ आणि ब अशी दोन कुटुंबे आहेत. मालिकांच्या वाहिनीसाठी ‘अ’ २० रुपये आणि ‘ब’ ६ रुपये मोजायला तयार आहे. क्रीडावाहिनीसाठी ‘अ’ ५ रुपये आणि ‘ब’ १८ रुपये देईल. सुट्या विक्रीत प्रसारकाला सर्वाधिक लाभ मालिकांची वाहिनी २० आणि क्रीडावाहिनी १८ रुपयांना विकून होतो. प्रत्येक कुटुंब एकेकच घेते आणि प्रसारकास ३८ रुपये मिळतात. दोन्ही वाहिन्यांचा संच २४ रुपयांना ठेवला, तर ‘अ’च्या दृष्टीने त्याचे मोल २५ आणि ‘ब’च्या दृष्टीने २४ असल्याने दोघेही तो घेतात, प्रसारकास ४८ रुपये मिळतात आणि दोन्ही घरांत दोन्ही वाहिन्या दिसतात.

अधिक घरांत वाहिनी पोचवण्याचा जादा खर्च प्रसारकाला जवळजवळ नसतो, म्हणून हे गणित जमते. भारतात त्यात जाहिरातींची भर पडते. वाहिनी जितक्या घरांत उघडता येते, तितका तिचा जाहिरातदर वाढण्यास वाव असतो. त्यामुळे कमी चालणारी वाहिनी संचातून जवळजवळ फुकट देणेही प्रसारकास परवडते.

या व्यवहारात काही ग्राहकांचा तोटा होतो. ज्याला एकच वाहिनी हवी असते, त्यालाही संचाएवढी रक्कम मोजावी लागते. शिवाय मोठ्या प्रसारकाचा संच घरोघर पोचला, की स्वतंत्र व लहान वाहिनीला ग्राहकाच्या खिशात जागा उरत नाही. म्हणून नियामकासमोर प्रश्न असतो तो सवलतीची मर्यादा कुठे आखायची, हा.

सवलतीचा प्रश्न

नव्या आदेशानंतर स्टार प्लस, झी टीव्ही, सोनी आणि कलर्स या प्रमुख हिंदी मनोरंजन वाहिन्यांनी आपली सुटी किंमत नेमकी १९ रुपये ठेवली. संचात राहण्यासाठी घातलेली कमाल मर्यादा हीच अशा वाहिन्यांची प्रत्यक्ष किंमत बनली. सवलतीवर मर्यादा उरली नसल्याने संच मात्र स्वस्त राहिले. संचांवर ७० टक्क्यांपर्यंत सवलत दिली जात असल्याचे ट्रायने ऑगस्ट २०१९च्या सल्लामसलत पत्रात नमूद केले.

या सवलतीचा निवडीवर होणारा परिणाम एका काल्पनिक संचावरून पाहता येईल. संचातील सर्व वाहिन्यांच्या सुट्या किमतींची बेरीज १५० रुपये आहे आणि कुटुंबाला त्यांपैकी १९ रुपयांच्या तीनच वाहिन्या हव्या आहेत. त्या सुट्या घेतल्यास ५७ रुपये पडतात.

• ७० टक्के सवलत असल्यास संच ४५ रुपयांना मिळतो. तीन वाहिन्यांपेक्षा सगळा संच स्वस्त.
• ४५ टक्के सवलत असल्यास संच ८२ रुपये ५० पैशांना. सुटी निवड फायद्याची.
• ३३ टक्के सवलत असल्यास संच सुमारे १०० रुपयांना. सुट्या पाच वाहिन्या घेतल्या तरी फायदा.

म्हणजेच ग्राहकाचा हक्क तिन्ही वेळी तोच असतो, परंतु पहिल्या स्थितीत तो बजावणे म्हणजे स्वतःचे नुकसान करून घेणे होय.

पुढील दुरुस्त्या

१ जानेवारी २०२० रोजी ट्रायने आदेशात मोठी दुरुस्ती केली. १३० रुपयांत मिळणाऱ्या वाहिन्यांची संख्या १०० वरून २०० करण्यात आली आणि दूरदर्शनच्या अनिवार्य वाहिन्या मोजणीतून वगळण्यात आल्या. सर्व वाहिन्यांसाठी कमाल १६० रुपये ठरले. एकाच घरातील दुसऱ्या व पुढील जोडणीस या शुल्काच्या ४० टक्क्यांची मर्यादा आली. संचात समावेशासाठीची किंमतमर्यादा १९ वरून १२ रुपये झाली. याशिवाय संचासाठी दोन अटी घातल्या गेल्या : सुट्या किमतींची बेरीज संचाच्या किमतीच्या दीडपटीहून अधिक नसावी, आणि कोणत्याही वाहिनीची सुटी किंमत संचातील वाहिनीच्या सरासरी किमतीच्या तिपटीहून अधिक नसावी. पहिल्या अटीचा अर्थ सवलत जास्तीत जास्त एक तृतीयांश, असा होतो.

प्रसारकांनी या दुरुस्तीस मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. ३० जून २०२१ रोजी न्यायालयाने दुरुस्ती मुख्यतः वैध ठरवली, मात्र सरासरीच्या तिपटीची अट रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि अंमलबजावणी लांबत राहिली. अखेर २२ नोव्हेंबर २०२२ रोजी ट्रायने पुन्हा बदल केले. किंमतमर्यादा परत १९ रुपये झाली आणि संचावरील सवलत कमाल ४५ टक्के ठरली. हे दर १ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाले. नव्या दरांचे करार करण्यास काही केबल कंपन्यांनी नकार दिल्याने त्या महिन्यात मोठ्या प्रसारकांनी त्यांचे संकेत काही दिवस बंद ठेवले होते.

८ जुलै २०२४ रोजीच्या दुरुस्तीने नेटवर्क क्षमता शुल्कावरील कमाल मर्यादा काढून घेण्यात आली आणि ते ठरवण्याचे स्वातंत्र्य वितरकांना मिळाले. वितरकांना स्वतः बांधलेल्या संचांवरही ४५ टक्क्यांपर्यंत सवलत देता येऊ लागली. दूरदर्शनच्या निःशुल्क ‘डीडी फ्री डिश’ सेवेवर जी वाहिनी फुकट दिसते, ती इतर सर्व वितरकांकडेही निःशुल्क असली पाहिजे, हा नियमही याच वेळी आला.

मराठी प्रेक्षक

प्रादेशिक भाषांच्या प्रेक्षकांसाठी वाहिनीनिहाय निवडीस विशेष महत्त्व आहे. मराठी कुटुंबाची गरज अनेकदा एकाच भाषेत मावत नाही. घरातील ज्येष्ठांना मराठी मालिका व बातम्या, मुलांना कार्टून, कुणाला क्रिकेट, कुणाला हिंदी चित्रपट हवे असतात. या वाहिन्या वेगवेगळ्या प्रसारकांच्या असल्याने एकाच प्रसारकाचा संच पुरत नाही आणि दोन-तीन संच घेतल्यास न पाहिल्या जाणाऱ्या वाहिन्यांची संख्या वाढते. सह्याद्री ही दूरदर्शनची मराठी वाहिनी निःशुल्क असल्याने तिला वेगळी किंमत पडत नाही.

इंदूर, वडोदरा, बेळगाव यांसारख्या ठिकाणच्या मराठी भाषकांसाठीही ही तरतूद उपयोगी आहे. तेथील स्थानिक संच साहजिकच त्या त्या प्रदेशाच्या भाषेभोवती बांधलेले असतात. सुट्या निवडीच्या हक्कामुळे आधीच्या संचात एखाददुसऱ्या मराठी वाहिनीची भर घालता येते. मात्र त्यासाठी वितरकाने ती वाहिनी आपल्या यंत्रणेवर घेतलेली असावी लागते. जी वाहिनी वितरकाकडे नाहीच, तिची मागणी या हक्काखाली करता येत नाही.

इतर देशांतील स्थिती

अमेरिकेत फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने २००४ मध्ये सुट्या निवडीमुळे बहुतेक ग्राहकांचा खर्च वाढेल, असा अहवाल दिला. २००६ मध्ये त्याच संस्थेने आधीच्या अहवालातील त्रुटी दाखवत उलट निष्कर्ष मांडला. तेथे सुटी निवड सक्तीची झाली नाही. ग्रेगरी क्रॉफर्ड आणि अली युरुकोग्लू यांच्या २०१२च्या अभ्यासानुसार सुट्या विक्रीत वितरकांना प्रसारकांकडून मिळणारे दर इतके वाढतील की ग्राहकांचा सरासरी लाभ जवळजवळ नाहीसा होईल. कॅनडात मार्च २०१६ पासून कमाल २५ डॉलरचा लहान मूळ संच आणि डिसेंबर २०१६ पासून वाहिन्या सुट्या देणे बंधनकारक झाले.

मूल्यमापन

नव्या व्यवस्थेचा फायदा सर्वांना सारखा झाला नाही. मोजक्याच सशुल्क वाहिन्या पाहणाऱ्या घरांचा खर्च घटण्यास वाव मिळाला. पूर्वी स्वस्त एकरकमी दरात सर्व काही पाहणाऱ्या आणि अनेक प्रमुख वाहिन्या हव्या असणाऱ्या घरांना जादा पैसे मोजावे लागले. एकही सशुल्क वाहिनी न घेणाऱ्या ग्राहकालाही जोडणीचे शुल्क चुकत नाही. याउलट डीडी फ्री डिशला मासिक शुल्कच नसल्याने कमी खर्चात टीव्ही पाहू इच्छिणाऱ्यांना ती सेवा पर्याय ठरते.

पारदर्शकता हा या आदेशाचा निर्विवाद लाभ मानला जातो. प्रत्येक वाहिनीची किंमत जाहीर झाल्याने आपण कशासाठी किती देतो, हे ग्राहकाला प्रथमच कळू लागले. निवडीचे स्वातंत्र्य मात्र सवलतीच्या मर्यादेशी बांधलेले राहिले आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये डिस्नेचा भारतीय व्यवसाय आणि व्हायाकॉम १८ यांचे एकत्रीकरण झाल्याने मोठे संच बांधण्याची क्षमता आणखी कमी हातांत आली. इंटरनेटवरील ओटीटी सेवांची वर्गणी आरंभी स्वतंत्रपणे घेतली जात असे. आता दूरसंचार व डीटीएच कंपन्या अनेक ओटीटी सेवांचे एकत्रित पॅक विकतात. त्यामुळे सुटी वर्गणी आणि पॅक यांच्या किमतींची तुलना करण्याची गरज तेथेही उद्भवली आहे.

हे सुद्धा पहा

• भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण
• केबल टीव्ही
• डीटीएच
• डीडी फ्री डिश
• डीडी सह्याद्री